अंगणात लिंब लावू की वाळा? मराठवाड्यातल्या घरबागेसाठी नेहमी विचारले जाणारे प्रश्न

लातूर जिल्ह्यात माझी लहानशी रोपवाटिका आहे. मृग जवळ आला की नव्या घरांची माणसं येऊ लागतात. बांधकाम नुकतंच उरकलेलं असतं, कंपाउंडच्या आत थोडी मोकळी जागा उरलेली असते आणि तिथे काय लावायचं यावरून घरात दोन मतं असतात. एकाच्या मोबाइलमध्ये उंच, झुबकेदार गवताचे फोटो असतात. दुसऱ्याला लिंब हवा असतो, कारण गावाकडच्या घरापुढे तो होता. इतक्या वर्षांत मला विचारले गेलेले आणि मी ज्यांची उत्तरं देत आले ते प्रश्न इथे एकत्र लिहिते आहे.

लिंब म्हणजे नक्की कोणतं झाड, आणि वाळा म्हणजे कोणतं गवत?

आपल्याकडे लिंब म्हटलं की कडुनिंब. आंबट फळाचं ते लिंबू. पण रोप घेताना फसगत होते, कारण बकाण निंब आणि मलबार नीम ही दोन वेगळी झाडं ‘नीम’ म्हणूनच विकली जातात. कडुनिंबाचं पान एकदाच विभागलेलं असतं: मधे एक दांडी, दोन्ही बाजूंना करवती कडांच्या तिरप्या पानांची रांग. बकाणाच्या पानाची दांडी पुन्हा फुटते आणि तिच्या फांद्यांवर पानं येतात. बकाण भराभर वाढतो, पण त्याचं लाकूड ठिसूळ असतं आणि फळं विषारी. घरात लहान मुलं असतील तर हा फरक ओळखूनच रोप घ्या.

वाळा म्हणजे खस. सरबतात, माठात, उन्हाळ्याच्या पडद्यांत असतो तोच. त्याचं उंच, ताठ पात्यांचं ठोंब पाच-सहा फुटांपर्यंत जातं आणि वर जांभळट तुरा येतो. जुन्या पाणलोट कामांमध्ये बांधावर हेच खस गवत लावलं जायचं, त्यामुळे शेतकऱ्यांना ते शोभेचं वाटत नाही. पण एका ओळीत लावून, कापून नीट ठेवलेला वाळा वाऱ्यावर हलताना बघा. परदेशी गवतांच्या फोटोंपेक्षा तो कुठेही उणा पडत नाही.

जागा एकाचीच आहे. मग काय लावू?

घराच्या भिंतीपासून किमान १५ फूट लांब मोकळी जागा मिळत असेल तर लिंब. मिळत नसेल तर वाळा. एवढं उत्तर पुरतं.

जागा असूनही ‘झाड मोठं व्हायला किती वर्षं वाट बघायची’ म्हणून लिंब टाळणाऱ्यांना मात्र मी थांबवते. एप्रिल-मेमध्ये ४२-४३ अंशांचं ऊन आपल्याकडे नवं नाही. त्या उन्हात गवत कितीही देखणं असलं तरी त्याखाली बाज टाकता येत नाही, आणि गाडी, म्हैस, पाण्याचा माठ, दुपारी आलेला पाहुणा या सगळ्यांना सावलीच लागते. वाळ्याची कामं वेगळी आहेत: माती धरणं, वाहतं पाणी अडवणं, सांडपाणी पिणं, आडोसा करणं. ती कामं लिंब करत नाही.

सावली हवी तर झाड घराच्या कोणत्या बाजूला लावायचं?

बहुतेक जण विचार न करता दारासमोर लावतात. दार पूर्वेला असतं आणि घर तापतं पश्चिमेकडून.

मराठवाडा विषुववृत्तापासून फार लांब नाही. मेच्या मध्याला भर दुपारी सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो. लातुरात शून्य सावलीचा दिवस १३ मेच्या आसपास येतो, छत्रपती संभाजीनगरात १९-२० मेच्या आसपास. त्यानंतर जुलैच्या उत्तरार्धापर्यंत सूर्य दुपारी किंचित उत्तरेला कललेला असतो आणि मावळतोही पश्चिमेच्या उत्तरेला. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीवर दुपारचं ऊन फारसं पडतच नाही. भाजून निघते ती पश्चिमेची भिंत, तीनपासून दिवस मावळेपर्यंत. रात्री अकराला त्या भिंतीला हात लावून बघा, तव्यासारखी गरम लागते. त्या खोलीत झोप येत नाही ती यामुळेच.

म्हणून लिंब पश्चिमेला किंवा वायव्येच्या कोपऱ्यात. अंतराचा हिशोबही सोपा आहे. मेमध्ये दुपारी साडेचारच्या सुमारास झाडाची सावली त्याच्या उंचीच्या जवळपास दीडपट पडते. २० फूट उंच लिंब भिंतीपासून २० फुटांवर असेल तर त्या वेळी त्याची सावली भिंतीवर साडेसहा फुटांपर्यंत चढते. खिडकी झाकायला तेवढी पुरते, आणि पुढे ऊन उतरत जातं तशी ती वर चढत जाते. झाड भिंतीला खेटून लावायची गरज नाही, हे एकदा हा हिशोब घातला की पटतं.

बारा वाजता तापणाऱ्या स्लॅबला मात्र पश्चिमेचं झाड काही करू शकत नाही. तिथे पांढरा चुना मारणं किंवा वर आच्छादन घालणं हाच उपाय.

दक्षिणेला लावलं तर काय बिघडतं?

हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो. डिसेंबरात सकाळी कोवळं ऊन घ्यायला ज्या बाजूला म्हातारी माणसं बसतात, त्याच बाजूला तुम्ही सावली करून ठेवता. लिंब तेव्हा पानांनी भरलेला असतो. त्याची पानगळ फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. छपरावर सोलर पॅनल किंवा सोलर बंब असेल तर नुकसान आणखी वाढतं.

पाणी कशाला जास्त लागतं?

या प्रश्नाचं उत्तर आकड्यांनीच देते, कारण पाण्याच्या बाबतीत आपण अंदाजावर राहू शकत नाही.

नव्या लिंबाला पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा दहा-दहा लिटर पाणी पुरतं. मध्य फेब्रुवारी ते जूनच्या सुरुवातीपर्यंत साधारण १६ आठवडे धरा. सगळे मिळून ३२० लिटर. दुसऱ्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा, पण आळं मोठं करून. तिसरा उन्हाळा काढला की बहुतेक जमिनींत लिंब स्वतःचं पाणी स्वतः शोधतो.

वाळ्याच्या ३० फुटी ओळीत साधारण ६० ठोंबं बसतात. पहिले दोन महिने ओल टिकवावी लागते. पावसाळ्यात लावलं तर ते काम पाऊसच करतो. पहिल्या उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी एकदा पाणी द्यायचं. पुढे नाही दिलं तर वाळा पिवळा पडतो, मरत नाही. पहिल्या पावसाला पुन्हा फुटतो.

आता तुलनेला लॉन घ्या, कारण ‘गवत’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर तेच येतं. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यात हिरवळ हिरवी ठेवायची तर रोज किमान पाच मिलिमीटर लागतंच. हजार चौरस फूट लॉन म्हणजे ९३ चौरस मीटर. रोजचे ४६० लिटरच्या पुढे. लिंबाच्या रोपाला अख्ख्या उन्हाळ्यात जेवढं पाणी लागतं, त्यापेक्षा जास्त पाणी लॉन एका दिवसात पितं.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि पाणी होतं पाच लाख लिटर. ते दिवस पाहिलेल्या माणसाला लॉन लावायला सांगणं माझ्याच्याने होत नाही. आमच्या दारातला लिंब तेव्हा दुसऱ्या उन्हाळ्यात होता. तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी आणि सासूबाईंच्या आंघोळीच्या पहिल्या दोन तांब्यांचं, साबण नसलेलं पाणी, एवढ्यावर तो जगला. आज त्याच्याखाली दोन बाजा मावतात.

घर, टाकी, संडासाचा खड्डा यांपासून किती अंतर ठेवू?

लिंब घराच्या पायापासून किमान १५ फूट, २० ठेवता आलं तर उत्तम. सेप्टिक टँक आणि पाण्याची जमिनीतली टाकी यांपासून २० फुटांच्या पुढे. कंपाउंडची भिंत साधी विटांची असेल तर तिच्यापासूनही सात-आठ फूट आत घ्या. डोक्यावरून विजेची तार जात असेल तर तिथे लिंब लावूच नका. नाहीतर दरवर्षी पावसाळ्याआधी तारेला लागणाऱ्या फांद्या छाटल्या जातात आणि झाड कायमचं एका बाजूला कलतं.

काळ्या जमिनीत हे अंतर जास्त महत्त्वाचं ठरतं. काळी माती ओली झाली की फुगते, सुकली की आक्रसते; उन्हाळ्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या त्यामुळेच. मोठं झाड पायाजवळची ओल ओढून घेतं, तिथली माती बाकीच्या जागेपेक्षा जास्त आक्रसते आणि पाया उथळ असेल तर भिंतीला तडा जातो. मूळ भिंत फोडतं असं लोक समजतात. बऱ्याचदा दोष मातीच्या या हालचालीचा असतो.

वाळ्याचं असं काही नाही. त्याची मुळं आडवी पसरत नाहीत, सरळ खाली जातात. चांगल्या जमिनीत दोन-तीन मीटर. भिंतीपासून दोन-अडीच फुटांवर ओळ लावली तरी चालते.

आमचा प्लॉट ३० बाय ४० आहे. लिंब बसेल का?

घराच्या चारी बाजूंना पाच-पाच फूट सोडून बांधलं असेल तर नाही बसणार. पश्चिमेला कांचन किंवा शेवगा लावा आणि कुंपणाच्या आतून वाळ्याची ओळ घ्या. शेवग्याची सावली विरळ, फांद्या ठिसूळ, पण वर्ष-दीड वर्षात आडोसा होतो आणि शेंगा मिळतात. गावात एक-दोन गुंठे मोकळी जागा असेल, किंवा किल्लारी-सास्तूर भागातल्या पुनर्वसित गावांसारखी घराभोवती ऐसपैस जागा असेल, तर मात्र लिंबाशिवाय दुसरा विचार करू नका.

जमीन काळी आहे. मुरमाड आहे. चालेल का?

लिंबाला मुरूम चालतो, चुनखड चालते, बरडही चालते. त्याला एकच गोष्ट चालत नाही, ती म्हणजे मुळाशी साचलेलं पाणी. मी माझा पहिला लिंब घरामागच्या खोलगट कोपऱ्यात लावला होता, जिथे छपराचं पाणी येऊन थांबायचं. दोन पावसाळे त्याने काढले. तिसऱ्या वर्षी पंधरवडाभर पाणी हटलं नाही. पानं पिवळी पडली आणि झाड उभ्याउभ्या वाळलं. काळ्या जमिनीत लावायचं असेल तर जागा आजूबाजूपेक्षा थोडी उंच करून घ्या आणि खड्ड्यात निम्मा मुरूम मिसळा.

त्याच कोपऱ्यात मी पुढे वाळा लावला. तो तिथे छातीला लागेल एवढा वाढला आहे. पाण्यात उभं राहणं आणि पाण्यावाचून राहणं, दोन्ही त्याला जमतं.

लिंब लावून त्याच्याखाली वाळा लावला तर दोन्ही साधेल ना?

पहिली चार वर्षं साधेल, नंतर नाही. सगळ्यात जास्त निराशा इथेच होते.

वाळा उन्हातला. त्याला दिवसभर ऊन हवं. लिंबाचा घेर वाढला की त्याच्या छायेतला वाळा आधी विरळ होतो, पाती लोळू लागतात आणि दोन-तीन वर्षांत ठोंबं मधूनच मरतात. लोकांना वाटतं खत कमी पडलं. खत घालून काही होत नाही.

म्हणून आराखडा पहिल्या दिवशीच कागदावर काढा. लिंबाच्या रोपाभोवती १२ फूट त्रिज्येचं वर्तुळ काढायचं. त्या वर्तुळात वाळा कायमचा नाही. सुरुवातीची वर्षं ती जागा उघडी दिसते, तेव्हा तिथे दोन ओळी खुशाल लावा. पाचव्या वर्षी त्याच उपटून, ठोंबं फोडून कुंपणाकडे नेता येतात. एका ठोंबाची वीस-पंचवीस होतात. शेजाऱ्यांना वाटूनही उरतील.

मोठ्या लिंबाखाली काय टिकतं असं विचाराल तर अडुळसा, हळद, कोरफड. आणि बुंध्यावर गुळवेल चढवा. लिंबावरची गुळवेल औषधाला चांगली असं जुनी माणसं मानतात, आणि वेलालाही आधार मिळतो.

मग वाळ्याची योग्य जागा कोणती?

पाणी जिथून वाहतं ती. पहिला मोठा पाऊस पडेल तेव्हा छत्री घेऊन अंगणात उभ्या राहा आणि पाणी कुठून येतं, कुठे जातं, माती कुठे नेतं ते बघा. आपल्याकडे जून ते सप्टेंबरात सरासरी साडेसहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो सारखा पडत नाही. महिनाभर दडी मारतो आणि मग एका रात्रीत अंगणातली माती रस्त्यावर नेऊन टाकतो. त्या वाटेला आडवी वाळ्याची ओळ लावली की पाणी थबकतं, गाळ मागे बसतो आणि पाणी गाळून पुढे जातं. दोन पावसाळ्यांत ओळीच्या वरच्या अंगाला आपोआप पायरी तयार होते. कर्नाटकात म्हैसूरजवळच्या गुंडलुपेटचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या शेताच्या हद्दीवर वाळा लावत आले. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या मृदसंधारणाच्या कामात हे गवत पुढे आलं, त्याच्या कितीतरी आधीपासून.

दुसरी जागा मोरीच्या पाण्याची. आंघोळीचं, कपड्यांचं पाणी वाळा आनंदाने पितो. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे करून उघडी गटारं बंद केली. अशा शोषखड्ड्याच्या कडेने वाळ्याच्या दोन ओळी असल्या की वरची ओल ते ओढून घेतात आणि जागा दिसायलाही नीटनेटकी राहते. या पाण्यातल्या वाळ्याची मुळं मात्र माठात किंवा औषधात वापरायची नाहीत.

लावायची पद्धत सांगा.

लिंबासाठी मेमध्ये दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा घ्या आणि उन्हात तापू द्या. वरची माती वेगळी ठेवा. मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले, हातभर ओल गेली की खड्ड्यात वरची माती आणि दोन घमेली कुजलेलं शेणखत घालून रोप लावा. ताजं शेण घालू नका, हुमणी लागते. रोप दोन-अडीच फुटांचं, सरळ खोडाचं घ्या. पिशवीत वर्षानुवर्षं राहिलेलं सहा फुटी रोप दिसायला भारी असतं, पण त्याचं सोटमूळ तळाशी गुंडाळलेलं असतं आणि ते पुढे कधीच खोल जात नाही. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेतलं लहान रोप त्यापेक्षा खात्रीचं.

निंबोळीपासूनही झाड होतं. जून-जुलैत पिकून पडलेली निंबोळी गोळा करा, गर धुऊन काढा आणि आठवडाभरात पेरा. हे बी साठवून टिकत नाही. पुढच्या वर्षीसाठी डब्यात ठेवलेलं बी उगवत नाही.

आळ्यावर सोयाबीनचं भुसकट किंवा उसाचं पाचट चार बोटं जाड पसरा, खोडाला चिकटू न देता. उन्हाळ्यात रोपाशेजारी मडकं गळ्यापर्यंत पुरून ठेवलं, तळाशी बारीक छिद्र पाडून त्यात कापडाची वात ओवली, तर तेवढंच पाणी दुप्पट दिवस पुरतं. शेळीपासून जपायला बाभळीच्या काट्यांचं कुंपण लागेलच.

वाळ्याचं ठोंब फोडून दोन-तीन फुटव्यांचे तुकडे करा. पाती वीतभर ठेवून कापा, मुळंही चार बोटं ठेवून छाटा आणि दोन तुकड्यांत अर्ध्या फुटाचं अंतर ठेवून एका ओळीत, मातीत घट्ट दाबून लावा. महिनाभराने ओळीतून फिरून मेलेले भरून काढा. एकही फट ठेवू नका, कारण पाणी फट शोधतं आणि तिथूनच ओळ फुटते.

गवत वाढवलं की साप येतील का?

हा प्रश्न रास्त आहे आणि मी तो उडवून लावत नाही. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही आहेत. ‘वाळ्याच्या वासाने साप येत नाहीत’ असं कुणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका. दाट ठोंबाच्या बुडाशी उंदीर बसतात आणि उंदरांमागे साप येतात.

वाळा दारापासून, पायऱ्यांपासून, मुलांच्या खेळायच्या जागेपासून आणि रात्री जावं लागणाऱ्या वाटेपासून दहा फूट दूर ठेवा. दर तीन-चार महिन्यांनी गुडघ्याएवढा कापा आणि बुडातली वाळलेली पाती काढा. हे काम भरदिवसा, बूट आणि पूर्ण बाह्या घालून, हातात काठी घेऊन करायचं. पात्यांच्या कडांनीही हात कापतात. कापायची सवय राहणार नसेल तर वाळा लावू नका. हे मी गिऱ्हाईक परत जाईल हे माहीत असूनही सांगते. वाळलेलं गवत एप्रिलमध्ये पेटतंही लवकर.

कापलेली पाती फेकू नका, लिंबाच्या आळ्यावर पसरा.

लिंबाचा कचरा फार होतो म्हणतात.

होतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं, एप्रिलमध्ये बारीक पांढरा मोहर, जून-जुलैत निंबोळ्या. गाडी खाली लावली तर पिकलेल्या निंबोळ्यांचे डाग पडतात, आणि पाण्याची टाकी उघडी असेल तर सगळं तिच्यात जातं. पानगळ ऊन चढायच्या वेळेलाच होते हेही खरं, पण पाडव्यापर्यंत तांबूस कोवळी पालवी येते आणि खऱ्या उन्हाळ्यात झाड भरलेलं असतं.

निंबोळीचा उपयोगही सांगते. वाळवून ठेवलेल्या निंबोळ्या कुटून, लिटरला ५० ग्रॅम या हिशोबाने रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, थोडं साबणाचं पाणी घाला आणि मावा-तुडतुड्यांवर संध्याकाळी फवारा. शेतातला पाच टक्के अर्क तोच: १०० लिटर पाण्याला पाच किलो. निंबोळीचं तेल मात्र लहान मुलांच्या पोटात कधीही जाऊ देऊ नका.

सावली किती वर्षांनी मिळते?

पाणी-राखण नीट असेल तर तिसऱ्या वर्षी माणसाच्या डोक्यावर, पाचव्या-सहाव्या वर्षी खाट टाकण्याजोगी. खालच्या फांद्या पहिल्या दोन वर्षांत घाईने छाटू नका, खोड त्यांच्यामुळेच जाड होतं. तिसऱ्या वर्षापासून हिवाळ्यात थोड्या थोड्या काढा.

पावसाळ्याच्या शेवटी लिंबाचे शेंडे करपतात. झाड मेलं का?

नाही. कोवळे शेंडे तपकिरी होऊन लटकतात, लांबून झाड जळाल्यासारखं दिसतं. त्यामागे रस शोषणारी ढेकण्यासारखी कीड असते आणि बुरशीही. तेलंगणात २०२१ साली हे मोठ्या प्रमाणावर दिसलं होतं. मोठी झाडं बहुधा पुढच्या पालवीला सावरतात. लहान रोपाचे करपलेले शेंडे दोन बोटं खाली, हिरव्या भागात कापून जाळून टाका. दरवर्षी होत असेल तर परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राच्या तज्ज्ञांना फांदी दाखवा. औषध त्यांनी सांगितलेलंच मारा.

फोटोतलं गुलाबी तुऱ्याचं गवत किंवा झटपट वाढणारं कोनोकार्पस का नको?

गुलाबी-जांभळ्या तुऱ्यांचं फाउंटन ग्रास मी विकत नाही. त्याचं बी वाऱ्यावर उडतं. हवाई बेटांवर आणि ॲरिझोनात ते बागांतून निसटून रानभर झालं. आपण गाजर गवताचा अनुभव घेतलेला आहे. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात दिसलं आणि आज मराठवाड्यातला एक बांध त्याच्यावाचून नाही. बागेसाठी लावला जाणारा वाळा बियांनी पसरत नाही, ठोंब फोडूनच वाढवावा लागतो. शेजारच्या शेतकऱ्याला त्याचा उपद्रव नाही.

कोनोकार्पस दोन वर्षांत हिरवी भिंत उभी करतं, म्हणून लोक भुलतात. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. त्याचा पराग ॲलर्जीच्या माणसाला त्रास देतो आणि मुळं पाइपलाइनमध्ये शिरतात. आपल्या पाखरांना त्याचा काही उपयोग नाही. लिंबावर जूनमध्ये बुलबुल, साळुंक्या आणि कोकिळा निंबोळ्या खायला येतात.

वाळ्याची मुळं घरी काढता येतात का?

येतात, पण जी ओळ माती धरायला लावली ती खणायची नाही. मुळांसाठी वेगळी दोन-चार ठोंबं सिमेंटच्या रिकाम्या, धुतलेल्या गोणीत वाळू-माती भरून लावा आणि गोणी उन्हात उभी ठेवा. दीड वर्षाने गोणी फाडली की मुळं न तुटता निघतात. धुऊन सावलीत वाळवा आणि जुडी बांधून माठात टाका. आठवड्याने जुडी बाहेर काढून उन्हात वाळवली की पुन्हा वापरता येते. गच्चीवर किंवा भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनाही हीच पद्धत, घर बदललं तर गोणी सोबत नेता येते. लिंब मात्र कुंडीत लावू नका. जगतो, पण झाड होत नाही.

पुढे झाड काढावं लागलं तर?

नगरपालिका-महानगरपालिकेच्या हद्दीत झाड स्वतःच्या अंगणातलं असलं तरी १९७५ च्या महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडांचे संरक्षण व जतन कायद्याखाली आधी परवानगी घ्यावी लागते. बांधकाम वाढवायचा विचार असेल तर तो आत्ताच करा आणि ती जागा सोडून लावा.

जून-जुलै हातचा गेला. आता लावू का?

पोळ्यापर्यंत दोन्ही लावायला हरकत नाही. त्यानंतर वाळा हस्ताच्या पावसावर धरतो, पण लिंबाला मुळं खोल सोडायला वेळ मिळत नाही आणि पहिल्या उन्हाळ्यात पाणी जास्त द्यावं लागतं. बोअर मार्चमध्ये आटणारी असेल तर लिंबाचं रोप मोठ्या पिशवीत बदलून, पूर्वेकडच्या भिंतीशी ठेवा, मेमध्ये खड्डा घ्या आणि पुढच्या मृगाला लावा. दरम्यान पश्चिमेच्या त्या जागी एक खुंटी ठोकून ठेवा, नाहीतर तिथे वाळूचा ढीग पडतो.